'दाता' म्हणे! : जुनी गाडी, तोडायची गाडी आणि अस्सलपणाचा दावा

१

जुन्या मोटारगाड्या पूर्ववत करण्याचा छंद असलेल्या मंडळींच्या बोलण्यात 'डोनर कार' हा शब्द आता इतका रुळला आहे, की तो उच्चारताना कुणाचीही जीभ अडखळत नाही. आपल्या गाडीला हवे असलेले सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले, की त्याच जातीची दुसरी एक गाडी विकत घ्यायची. तिचे दरवाजे, काचा, दिवे, मीटर, गिअरबॉक्स असे जे जे उपयोगी पडेल ते उतरवून घ्यायचे. आणि उरलेला सांगाडा वजनावर भंगारवाल्याला द्यायचा, असा हा व्यवहार आहे. ह्या दुसऱ्या गाडीला 'डोनर' म्हणतात. मराठीत आणायचे तर 'दाता'. ह्या व्यवहारावर सरसकट बंदी यावी असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्याला दिलेले नाव खोटे आहे, आणि त्या नावाच्या आडोशाने केला जाणारा अस्सलपणाचा दावा त्याहून खोटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी गॅरेजमधल्या ह्या गोष्टीत का लक्ष घालावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे, की संहिता, प्रत, पाठ, प्रक्षेप आणि मूळ ह्या शब्दांवर आपला सगळा उद्योग उभा आहे, आणि हेच शब्द वेगळ्या पेहरावात त्या गॅरेजमध्ये वावरत असतात. तिथे ते कसे वापरले जातात हे पाहिले, की आपण ते किती निष्काळजीपणे वापरतो हेही ध्यानात येते.

मोघम बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊ : प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघे. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, आणि बराच काळ स्टिअरिंगच्या दांड्यावरच असलेला गिअर. एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ह्या गाडीला वेगळी चासिस नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चासिस. त्यामुळे तळाचा पत्रा किंवा दरवाजाखालचा उंबरा गंजला, की नुसते रूप बिघडून थांबत नाही, गाडीचा कणाच पोखरला जातो. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मूळ इटलीतल्या ११०० चे उत्पादन तर १९६९ मध्येच बंद झाले होते.

२

प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडू, आणि ती मुद्दाम दुबळी करून मांडणार नाही.

ते म्हणतात : ब्रेकचे रबर, क्लचप्लेट, बेअरिंग, गॅस्केट ह्या झिजणाऱ्या वस्तू आजही मिळतात किंवा मिस्त्री घडवून देतो. पण दरवाजाची वळणदार काच, दारांची मुठी, क्रोमची जाळी, स्पीडोमीटरची तबकडी, मागच्या दिव्यांची लाल भिंगे ह्या वस्तू कुणी नव्याने घडवत नाही; घडवल्या तरी त्या तशा दिसत नाहीत. त्या एकेक करून शोधायच्या तर पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार असे हिंडण्यात वर्षे जातात, आणि सुट्या भागांची बेरीज अख्ख्या गाडीच्या किमतीपुढे जाते. शिवाय भाग सुटा मिळाला तर तो कसा बसवायचा हे कळत नाही. अख्खी गाडी समोर असली, की कोणता स्क्रू कुठे होता, कोणती तार कुठून गेली होती, हे उलगडताना शिकता येते. आणि अखेरचा युक्तिवाद : ती गाडी तशीही भंगारातच जाणार होती. आम्ही निदान तिचे चार अवयव तरी वाचवले.

ह्यातले पहिले तीन मुद्दे आम्हांला मान्य आहेत. मेलेली गाडी तोडून जिवंत गाडी चालती ठेवणे ह्यात गैर काही नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. एका पद्मिनीचे मडगार्ड दुसरीला, तिसरीचा रेडिएटर चौथीला, असे करत त्यांनी गाड्या धावत्या ठेवल्या. पण त्यांनी त्याला 'दुरुस्ती' म्हटले. अशा गाडीला कुणी 'अस्सल' म्हणून मिरवले नाही, आणि जिचे मडगार्ड घेतले तिला कुणी 'दाता' म्हटले नाही. 'ती तुटायला गेली' किंवा 'कटिंगला दिली' असे ते सरळ सांगत. बाजारातला हा शब्द आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात तोडणारा हात झाकलेला नाही.

चौथा मुद्दा मात्र तपासून पाहावा लागेल.

३

आधी शब्दाकडे वळू. दानाला आपल्याकडे काही अटी आहेत. देणाऱ्याची मालकी हवी, त्याचा संकल्प हवा, त्याने वस्तूवर पाणी सोडायला हवे, आणि मोबदला घ्यायला नको. 'डोनर' हा शब्द मोटारीकडे आला तो वैद्यकातून; तिथेही १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने दात्याच्या संमतीलाच कळीचे स्थान दिले आहे. आता आपला व्यवहार पाहा. गाडी विकणारा पैसे घेतो, म्हणजे तो दाता नव्हे, विक्रेता. गाडी स्वतः काहीच देत नाही, ती दिली जाते; म्हणजे ती फार तर देय वस्तू. देयालाच दाता म्हणणे म्हणजे वाक्यातल्या कर्माला कर्त्याच्या पाटावर बसवणे होय. व्याकरणात ही चूक ठरते. व्यवहारात मात्र ती सोय ठरते. कारण कर्माला कर्ता केले, की खरा कर्ता, म्हणजे पैसे मोजून पाना फिरवणारा, वाक्यातूनच नाहीसा होतो.

यंत्राला कसली आली संमती, असे कुणी म्हणेल. अगदी बरोबर. यंत्राला संमती नसते म्हणूनच त्याला दातृत्वही नसते. रूपकाचा एक अर्धा भाग सोयीस्कर म्हणून घ्यायचा आणि दुसरा गैरसोयीचा म्हणून 'ते काय, नुसते रूपक' असे म्हणून सोडून द्यायचा, ही पळवाट साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी चालवून घेऊ नये.

४

ह्या शब्दाने झाकलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन गाड्यांपैकी 'दाता' कोणती आणि 'ग्रहीता' कोणती, हे ठरते कसे? बाहेरच्या माणसाचा समज असा, की जिचा पत्रा अधिक सडला ती दाता. प्रत्यक्षात पत्र्याला फार थोडे विचारले जाते. विचारले जाते ते कागदांना. जिचे आरसी बुक नीट आहे, नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे, मालक एकच आणि शक्यतो नामांकित घरातला आहे, ती गाडी जगायची. जिची नोंदणी संपली, मालक वारला, वारसांत एकमत नाही, ती तोडायची. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. ह्या फेऱ्यात ज्याला वेळ, पैसा किंवा उमेद राहिली नाही त्याची गाडी, तिचा पत्रा खणखणीत असला तरी, कागदावर मेलेली असते. मग एखादा हौशी गृहस्थ येतो आणि सडक्या पत्र्याच्या पण चोख कागदांच्या आपल्या गाडीसाठी ही धडधाकट गाडी कापून नेतो. 'तशीही भंगारातच जाणार होती' ह्या वाक्यातली 'तशीही' ही अशी तयार होते.

त्यातही टॅक्सीचे नशीब वेगळेच. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शहरातली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. ह्याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठी फेरबांधणी न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. अशा गाडीला 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर मिळतो. ती प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापरासाठी मात्र नाही.

हे दोन नियम स्वतंत्रपणे वाचले तर दोन्ही रास्त वाटतील. धूर ओकणारी टॅक्सी हटवणे योग्यच, आणि जुन्या गाड्यांचा वारसा जपणेही योग्यच. पण एकत्र वाचले, की त्यांतून एक विलक्षण अर्थ निघतो : जी गाडी राबली तिला विसाव्या वर्षी मरण, आणि जी झाकून ठेवली तिला पन्नासाव्या वर्षी मान. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी ओलांडली. आता दर वर्षी आणखी काही ओलांडतील. त्यांना भाग लागतील. ते भाग पन्नाशी कधीच न गाठू शकणाऱ्या गाड्यांतून येतील. उद्याच्या रॅलीत फुलांच्या माळा घालून उभ्या राहिलेल्या पांढऱ्या पद्मिनीची काच, मूठ, जाळी ही कुणा टॅक्सीची असेल, आणि त्या टॅक्सीचा उल्लेख कुठल्याही फलकावर नसेल.

तो नसावा म्हणून बरीच मेहनतही घेतली जाते. टॅक्सीच्या पत्र्यावर तिच्या कामाच्या खुणा असतात. बाहेरच्या बाजूला डाव्या अंगाला जुना यांत्रिक मीटर बसवलेला असे, त्याची भोके. टपावरच्या कॅरिअरच्या खुणा. सीएनजीची टाकी बसवण्यासाठी डिकीत ठोकलेले आधार. आणि खरवडले तर वरच्या रंगाखाली दिसणारा काळा, टपावर पिवळा. पूर्ववत करणारा कारागीर ही भोके वेल्डिंगने बुजवतो, त्यावर लांबी भरतो, घासतो आणि रंग मारतो. कारागिरी म्हणून ते काम वाखाणण्याजोगे असते. पण पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर ते खाडाखोड आहे. एका माणसाने बारा-बारा तास बसून ज्या गाडीवर घर चालवले, तिची एकमेव लेखी साक्ष ती चार भोके होती.

५

ह्या विषयावर बोलताना थीसियसच्या जहाजाचा दाखला हटकून दिला जातो. प्लूटार्कने सांगितलेली ती गोष्ट : अथेन्सवासीयांनी थीसियसचे जहाज जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि तत्त्वज्ञांत वाद लागला की जहाज तेच की निराळे. आमच्या मते हा दाखला इथे गैरलागू आहे. त्या जहाजाला बसलेल्या फळ्या नव्या लाकडाच्या होत्या. त्यांसाठी दुसरे जहाज फोडलेले नव्हते. पुढे हॉब्जने १६५५ मध्ये कोड्यात भर घातली ती काढलेल्या जुन्या फळ्यांपासून उभ्या केलेल्या दुसऱ्या जहाजाची. म्हणजे तिथेही जहाजांची संख्या वाढली. आपल्याकडे दोन गाड्यांची एक होते. 'ही गाडी तीच आहे का?' ह्या प्रश्नावर तासन्‌तास चर्चा करता येते आणि ती चर्चा संपेपर्यंत दुसरी गाडी कुठे गेली हे कुणी विचारत नाही. कोडे जितके सुंदर, तितके ते ह्या विसरण्याला उपयोगी पडते.

ह्यापेक्षा आपल्या घरचा दाखला अधिक नेमका आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. ही आवृत्तीसुद्धा एका अर्थाने जुळवलेलीच आहे : तिच्यातला प्रत्येक श्लोक जसाच्या तसा असलेले एकही हस्तलिखित नाही. तरीही तिला कुणी बनावट म्हणत नाही. का? दोन कारणांनी. एक, जो पाठ स्वीकारला नाही तो तळटीपांत नोंदला. वाचकाला वाटले तर संपादकाचा निर्णय उलटवण्याचे साधन त्याच पानावर ठेवले. दोन, एका प्रतीतला पाठ घेताना ती प्रत फाडली नाही. साक्षीदार जिवंत राहिला.

मोटारीच्या बाबतीत दुसरी गोष्ट शक्य नाही. काच एकाच दारात बसू शकते. इथे पाठ स्वीकारणे म्हणजे प्रत फाडणेच असते. हा भेद आम्ही नाकारत नाही. उलट आमचा सगळा मुद्दा ह्याच भेदावर उभा आहे. जिथे साक्षीदार वाचवता येतो तिथेही संपादक इतक्या काटेकोर नोंदी ठेवतो. मग जिथे साक्षीदार मारूनच साक्ष मिळवायची, तिथे नोंद किती पटींनी काटेकोर हवी? आणि प्रत्यक्षात तिथे काय असते? काही नसते. फार तर मोबाइलमध्ये चार छायाचित्रे, आणि तीही मिस्त्रीला तारा कुठे जोडायच्या हे कळावे म्हणून काढलेली.

६

आता अस्सलपणाविषयी. पूर्ववत केलेल्या गाडीपुढे 'संपूर्णपणे मूळ भागांसह' अशी पाटी लावण्याची पद्धत आहे. 'मूळ' म्हणजे काय? ह्या गाडीचे मूळ, की ह्या जातीच्या गाडीचे मूळ? कारखान्यातून एकाच साच्यातून निघालेल्या दोन मुठींत फरक तो काय, असे म्हणता येईल. पण मग अस्सलपणा जातीचा झाला, व्यक्तीचा नव्हे. आणि पाटीवर मात्र व्यक्तीचा दावा असतो : अमुक साली अमुक घराण्याने घेतलेली हीच ती गाडी. दोन्ही पदार्थ एकाच ताटात वाढून घ्यायचे असा हा प्रकार. शिवाय जातसुद्धा एकसंध नसते. पद्मिनीच्या अखेरच्या काळातल्या काही प्रकारांत गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आला. चौसष्टच्या डिलाइटला नव्वदच्या दशकातले अंग जोडणे म्हणजे एका शाखेच्या पोथीत दुसऱ्या शाखेचे पान शिवणे. संहितेत आपण त्याला प्रक्षेप म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो.

सरकारी नियमही ह्या घोळातून सुटलेला नाही. मोठी फेरबांधणी झालेली नसावी असे तो म्हणतो. आणि पन्नास पावसाळे खाल्लेली, पत्र्याच्याच पेटीवर उभी असलेली कोकणपट्टीतली गाडी फेरबांधणीवाचून उभी राहणे ही दुर्मीळ गोष्ट. परिणामी नियम अस्सलपणा जपत नाही, अस्सलपणाचा अभिनय करायला भाग पाडतो. ज्याने काय बदलले हे खरे सांगितले तो अडचणीत येण्याची भीती, आणि ज्याने झाकले तो निर्धास्त. अशा नियमाखाली नोंदी ठेवण्याची सवय कशी वाढावी?

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते काम कुणी केले, केव्हा केले आणि का केले, ह्याची नोंद त्यांनी त्या प्रतीच्याच अखेरीस ठेवली. आज आपण त्यांच्या निर्णयांशी वाद घालू शकतो तो त्या नोंदीमुळे. आपल्या लेखनिकांच्या परंपरेत पोथीच्या शेवटी पुष्पिका असे : कुणी उतरवली, कुठे, कोणत्या दिवशी. पूर्ववत केलेल्या गाडीला अशी पुष्पिका का नसावी? 'ह्या गाडीचे इंजिन तिचेच आहे. डावीकडचे दोन्ही दरवाजे, मागची काच आणि जाळी अमुक नंबरच्या, अमुक वर्षापर्यंत टॅक्सी म्हणून चाललेल्या पद्मिनीची आहेत. ती गाडी अमुक साली तोडली.' चार ओळींचा मजकूर. तो लिहिल्याने गाडीची शोभा कमी होईल असे ज्याला वाटते, त्याला गाडी हवी आहे की गाडीची दंतकथा, हे त्याने एकदा ठरवावे.

७

'तुम्ही पत्र्यावर अश्रू ढाळता' असा आरोप येईल. आम्ही पत्र्यावर नव्हे, पुराव्यावर बोलत आहोत. 'तुम्ही हौशी माणसाचा हिरमोड करता' असेही म्हटले जाईल. जी हौस दोन ओळींच्या नोंदीने मरते ती हौस फार खोल गेलेली नसते.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. तोडायला घेतलेली गाडी खरोखर उभी राहण्यापलीकडे गेली आहे का, हे कागद पाहून नव्हे तर पत्रा पाहून ठरवावे. आणि ती उभी राहण्यासारखी असेल तर ती उभी करू इच्छिणाऱ्याला आधी विचारावे. तोडण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी, आतून, खालून छायाचित्रे घ्यावीत, आणि नंबर, मालकी व कामाच्या खुणांची टिपणे करावीत. तिची नोंदणी रीतसर रद्द करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नष्ट झालेल्या वाहनाची खबर आरटीओला देणे मालकावर बंधनकारकच आहे. तिच्या नंबराची पट्टी दुसऱ्या अंगावर चढवणे हा तर उघड गुन्हा आहे, त्याविषयी बोलण्याचेही कारण नाही. उरलेले भाग वजनावर घालण्याआधी दुसऱ्या गरजवंतांना द्यावेत, म्हणजे एका गाडीसाठी एक गाडी असे न होता एका गाडीत पाच गाड्या तरतील. आणि पूर्ववत झालेल्या गाडीबरोबर तिची पुष्पिका असावी.

शेवटी शब्द. 'दाता' हा शब्द टाकून द्यावा. 'तोडायची गाडी' हा बाजारातला साधा शब्द उचलावा. त्यात गोडवा नाही, पण त्यातले क्रियापद खरे आहे. पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात चकचकीत पद्मिनीपुढे उभे राहिलात आणि मालक अभिमानाने तिच्या अस्सलपणाविषयी सांगू लागला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा, की दुसरीचा नंबर काय होता?